पालवणकर बंधू : मैदान आणि समाज



खेळाचे नियम मैदानाच्या सीमारेषेच्या आत सर्वांना सारखे असतात. त्या रेषेच्या आत कोणी यावे, खेळावयास फुरसत कोणास असावी आणि संघाचे नेतृत्व कोणाच्या हाती जावे, या गोष्टी मात्र समाज ठरवीत असतो. म्हणूनच आधुनिक खेळाचा इतिहास हा बऱ्याच अंशी समाजपरिवर्तनाचाही इतिहास आहे. मुंबई-पुण्याच्या क्रिकेटमध्ये याचा फार बोलका पुरावा सापडतो.

क्रिकेट येथे आले ते इंग्रज लष्कर आणि अधिकारी यांच्याबरोबर. एतद्देशीयांत ते प्रथम आत्मसात केले मुंबईच्या पारशी समाजाने. १८४८ साली पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. व्यापार आणि इंग्रजी शिक्षण यांमुळे या समाजास नव्या खेळासाठी लागणारा पैसा, वेळ आणि आत्मविश्वास लाभला होता. १८६६ मध्ये हिंदूंचा बॉम्बे युनियन क्रिकेट क्लब निघाला. गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी मैदान उखडले जाते, अशी तक्रार घेऊन या खेळाडूंना सरकारदरबारी अर्जविनंत्या कराव्या लागल्या. पुढे समुद्रकिनाऱ्यालगत पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. क्लब असे जमातवार निघाले आणि सामनेही जमातवार होऊ लागले. १९०७ साली युरोपियन, पारशी व हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ते चौरंगी झाले.

या जमातवार खेळात एक मोठा प्रश्न दडलेला होता. हिंदू संघ म्हणजे नेमका कोणाचा संघ? या प्रश्नास वाचा फुटली ती पालवणकर बाळू या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजामुळे.

चार रुपयांची चाकरी

बाळू चर्मकार समाजातील. वडील लष्करात नोकरीस होते, त्यामुळे गावगाड्याच्या बाहेर, पुण्याच्या छावणीच्या परिसरात या मुलांना क्रिकेट पाहावयास मिळाले. तरुणपणी बाळू युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर कामास लागला. खेळपट्टीची निगा राखणे, जाळी लावणे आणि साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करणे, हे त्याचे काम. बॅट हाती घेण्याचा मान साहेबांचा होता. पण तासन् तास केलेल्या या गोलंदाजीतूनच त्याच्या हाती विलक्षण अचूकता आली.

युरोपियनांना हरवावयाचे तर बाळूवाचून गत्यंतर नाही, हे पुण्याच्या हिंदू खेळाडूंच्या ध्यानी आले. बाळू संघात आला. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू आत बसत आणि बाळूला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जिंकण्याच्या गरजेने संघाचे दार उघडले होते, पण मनाचे दार अद्याप बंद होते.

पुढे बाळू मुंबईस आला. रेल्वेसारख्या नव्या व्यवसायांनी जन्मजात धंद्याबाहेरची रोजी दिली आणि तेथील संघांनी खेळण्याची संधी. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम हे दोघेही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूने ११४ गडी बाद केले. संघाच्या पदरी अपयश अधिक आले, बाळूचे यश मात्र सर्वमान्य झाले.

नेतृत्वाचा प्रश्न

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूला कधीच देण्यात आले नाही. गोलंदाजी स्वीकारली गेली, पण आज्ञा ऐकण्याची तयारी नव्हती. हा अडसर केवळ खेळातील पराक्रमाने दूर होणारा नव्हता. त्यासाठी मैदानाबाहेर वारे फिरावे लागले.

१९२० हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली. डिसेंबरात काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने अस्पृश्यता निवारणाची हाक दिली. त्याच वर्षीच्या चौरंगी सामन्यांत कर्णधारपदाच्या प्रश्नावर शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी खेळण्यास नकार दिला. अखेर अंतिम सामन्यास बाळूला उपकर्णधार करण्यात आले.

ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि त्याच्या संघाने चौरंगी सामने जिंकले. बाहेर ठेवलेल्या चहाच्या भांड्यापासून कर्णधारपदापर्यंतचा मार्ग कापण्यास एका कुटुंबाला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

पुढे जमातवार सामन्यांनाही ओहोटी लागली. १९३४ मध्ये प्रांतवार रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. १९४० साली महात्मा गांधींनी पंचरंगी सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ नंतर ते सामने झाले नाहीत. १९५० मध्ये राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. हा दिवस पाहण्यास बाळू हयात होता. १९५५ साली त्याचे निधन झाले.

खेळ समाजास आपोआप सुधारीत नाही. गुणांची परीक्षा उघड्यावर होते, एवढीच खेळाची शक्ती. त्या परीक्षेचा निकाल मान्य करण्यास समाजाला चळवळ, कायदा आणि शिक्षण यांनी तयार करावे लागते. गावोगावी क्रीडांगण उभे राहिले, तरी त्यावर कोणाची मुले खेळतात, कोणाच्या घरच्या मुलींना सायंकाळी मोकळीक मिळते आणि सरावाइतकी फुरसत कोणाला परवडते, हे प्रश्न उरतातच. पालवणकर बंधूंचे स्मरण करताना ते दृष्टीआड होता कामा नयेत.