पाटे वाढवण्याआधी वॉरंटीचं पुस्तक उघडा

बचत गटाच्या बैठकीत आपण कर्ज, व्याज, हप्ता यांवर नेहमी बोलतो. आज त्या कर्जातून दारात आलेल्या गाडीबद्दल बोलू या.

आपल्या एरंडोल तालुक्यात कासोद्याला जा, रिंगणगावला जा, छोट्या मालगाड्या सगळीकडे दिसतात. कापूस, मका, कांदा, भाजीपाला भरून त्या जळगाव, धरणगाव, पारोळ्याच्या फेऱ्या करतात. कितीतरी घरांत अशी गाडी बाईच्या नावावर असते, नाहीतर कर्जाला जामीन ती असते. गहाण पडलेलं सोनंही तिचंच असतं. पण गाडीत काय बदल करायचा, हे गॅरेजच्या बाकड्यावर ठरतं आणि तिथं ती नसते.

नवी गाडी आली की कुणीतरी सांगतं, "मागं दोन पाटे वाढवून घ्या, गाडी बसणार नाही." पाटे म्हणजे गाडीखाली चाकाजवळ एकावर एक बसवलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या. माल भरला की त्या दबतात आणि खड्ड्याचा दणका सोसतात. जोडीला शॉकअप असतात, ते गाडीचं हिंदकळणं थांबवतात. यालाच कंपनीवाले सस्पेन्शन म्हणतात.

पाटे वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही, हे आधी लक्षात घ्या. ब्रेक तेच राहतात. टायर, बेअरिंग, अॅक्सल, चॅसिस तेच राहतात. वाढतो तो फक्त गाडीचा ताठपणा. जास्त माल भरला की गाडी मागून बसते, तेव्हा ती आपल्याला सांगत असते, "बाई, आता पुरे." पाटे वाढवले की तिचं हे सांगणं बंद होतं. ओझं तेवढंच असतं, पण डोळ्याला दिसत नाही. शिवाय रिकामी गाडी मागून उडते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबला, तर उडणाऱ्या चाकाची पकड सुटू शकते.

कारचंही तसंच आहे. खाली घासू नये म्हणून स्प्रिंगमध्ये रबर किंवा ठोकळे घालून गाडी उंच करतात. हौस म्हणून काही पोरं ती खालीही उतरवतात. उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, टायर एका कडेनं झिजतात आणि चाक फिरवणाऱ्या दांड्यावर ताण येतो.

आता वॉरंटी. वॉरंटी फुकट मिळालेली नसते, तिचे पैसे गाडीच्या किमतीत आपण दिलेले असतात. ती वर्षांत आणि किलोमीटरमध्ये मोजतात, जे आधी संपेल ते. समजा, तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर अशी अट आहे. रोज १०० किलोमीटर धावणारी गाडी १,००० दिवसांत, म्हणजे तीन वर्षांच्या आतच, ती संपवते.

वॉरंटीच्या पुस्तकात सहसा लिहिलेलं असतं की बाहेरून केलेल्या बदलामुळे किंवा जादा वजनामुळे झालेलं नुकसान कंपनी भरून देणार नाही. म्हणजे पाटे वाढवले आणि पुढं अॅक्सल किंवा बेअरिंग गेलं, तर शोरूमला नकार द्यायला कारण मिळतं. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ठरलेल्या वजनातच माल भरूनही गाडी बसत असेल, तर पाट्यांतच दोष असू शकतो. तो कंपनीनं तपासून, दोष निघाला तर वॉरंटीत दुरुस्त करून द्यायचा. अशा वेळी बाहेरून पाटे घालणं म्हणजे पदरचे पैसे खर्चून आपलाच पुरावा झाकणं झालं.

ठरलेलं वजन कसं ओळखायचं? आरसी बुक काढा. त्यात रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन दिलेलं असतं. मोठ्यातून छोटं वजा करा. उदाहरणार्थ, एकूण ३,२०० किलो आणि रिकामी १,७०० किलो, तर उरले १,५०० किलो. ड्रायव्हर आणि सोबतची माणसंही यातच आली. दोन माणसांचे १२० किलो धरले, तर ५० किलोची २७ पोतीच भरता येतात. कापूस फुगीर असतो, हौदा भरूनही वजन कमी भरतं. मका जड, हौदा अर्धा रिकामा दिसतो तोवर वजनाची हद्द संपते. म्हणून डोळ्यावर जाऊ नका, वजनकाट्यावर जा.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती कंपनीनं ठरवलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात हेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. जादा माल भरला तर केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये वेगळे. कोणता बदल चालतो, हे गॅरेजवाल्याला नाही, जळगावच्या आरटीओ कार्यालयात विचारा. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर भरपाई अडू शकते.

मग करायचं काय? पाट्यांना हात लावण्याआधी शोरूमला लेखी विचारा, "हा बदल केला तर वॉरंटी राहील का?" उत्तरही लेखीच घ्या. तोंडी "काही होत नाही ताई" याला पुढं कुणी विचारत नाही. प्रत्येक सर्व्हिस वेळेवर करा. जॉबकार्ड आणि बिलं एका पिशवीत जपून ठेवा.

पाटे आधीच वाढवलेले असतील, तर ते काढून लपवू नका. नटबोल्टवरच्या खुणा मेकॅनिकला कळतात. गॅरेजचं बिल आणि त्या वेळचे किलोमीटर लिहून ठेवा. शोरूमनं वॉरंटी नाकारली, तर विचारा, "कोणता भाग बिघडला आणि तो पाट्यांमुळेच बिघडला हे कशावरून?" हे कारण लेखी मागा. पाट्यांशी संबंध नसलेला बिघाड, समजा काच वर-खाली करण्याचं यंत्र, पाट्यांचं नाव सांगून कुणी टाळत असेल, तर गप्प बसू नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, फोन मोफत लागतो. तिथं काम झालं नाही तर जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील लावायलाच हवा असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी असेल, तर मालगाडी असूनही तुम्ही ग्राहक ठरता. गाडी गटाच्या नावावर असेल, तर आधी जाणकाराचा सल्ला घ्या.

पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनी आरसी आणि वॉरंटीचं पुस्तक घेऊन यावं. पुस्तक इंग्रजीत असेल, तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सोबत आणा. वजनाची वजाबाकी करा, वॉरंटी कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि घरी सांगून ठेवा, "सही माझी आहे, तर गाडीला हात लावण्याआधी मला विचारायचं."