नव्या खोतांची कुळे

(मुरुड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाची संहिता)



राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसणारा पर्यटक आज जंजिऱ्याकडे नंतर पाहतो. आधी तो मोबाइल उंच धरतो. किल्ल्याचे बुरूज, शीड, होडीवाल्याचा उन्हाने रापलेला चेहरा हे सारे अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत बसते आणि रात्रीपर्यंत पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोहोचते. या प्रसिद्धीमुळे मुरुडला गिऱ्हाईक मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, या व्यवहारात राबतो कोण आणि खंड कोणाकडे जमा होतो?

जाहिरातीचा जुना व्यवहार वरवर सरळ होता. वृत्तपत्राने जागा विकावी, व्यापाऱ्याने ती घ्यावी. 1977 साली डॅलस स्माइथ या कॅनेडियन अभ्यासकाने दाखवून दिले की, विकली जाते ती जागा नव्हे. विकले जाते ते वाचक-प्रेक्षकांचे लक्ष. समाजमाध्यमे याच्याही पुढे गेली आहेत. ज्या मजकुराच्या ओढीने प्रेक्षक तेथे खिळून राहतो, तो मजकूरही प्रेक्षकच बहुतांशी फुकट पुरवतो. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांची मालकी असलेल्या मेटा कंपनीचे 2024 सालचे उत्पन्न सुमारे 16,450 कोटी डॉलर होते. त्यापैकी सुमारे 16,060 कोटी डॉलर निव्वळ जाहिरातींचे.

मुरुडच्या संदर्भात 2020 सालचा जून महिना ध्यानात ठेवावा. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ आज लावली तर सुपारी हाती यायला वर्षे जातात. तोवर घरातल्या दोन खोल्या आणि घरची जेवणावळ यांवरच अनेक कुटुंबांची भिस्त. त्याच महिन्याच्या 29 तारखेस केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्या बंदीची राजकीय कारणे काहीही असोत, खेड्यापाड्यांतील ज्या तरुणांनी तेथे नाव कमावले होते त्यांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले आणि तीच मंडळी नव्या मालकाच्या शेतात पहिल्यापासून नांगरू लागली.

शेताची उपमा येथे मुद्दाम वापरली आहे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षे जमिनी ओस ठेवल्या, पण खोतापुढे मान तुकवली नाही. (मुरुड त्या वेळी जंजिरा संस्थानात होते.) डॉ. आंबेडकरांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला 1949 साल उजाडले. कुळाने जमीन कसावी, बांध घालावेत, आणि जमिनीवरचा शब्द मात्र खोताचा, हे त्या पद्धतीचे मर्म होते. पाहुण्यांना जेवू घालणारी मुरुडची गृहिणी आज रात्री भांडी आवरल्यावर चित्रफीत तयार करते, निरोपांना उत्तरे देते, चांगला अभिप्राय लिहा म्हणून पाहुण्यांची मनधरणी करते. या श्रमाची नोंद कोठेच नाही. वर्षभर खपून जमवलेल्या प्रेक्षकांपर्यंत तिची चित्रफीत एखाद्या दिवशी पोहोचेनाशी होते आणि पडद्यावर सूचना येते: पैसे भरा, म्हणजे पोहोच वाढेल. जुन्या खोताच्या ओटीवर निदान जाऊन भांडता येत असे.

उपमेला मर्यादा आहेत. येथे कोणी कोणाला बळाने बांधून ठेवलेले नाही. खाते केव्हाही बंद करता येते. परंतु गिऱ्हाईक तेथेच बसलेले असताना बाहेर पडण्याचे हे स्वातंत्र्य कागदी ठरते.

याहून खोल परिणाम ओळखीवर होतो. गजरा माळलेली, दागिने ल्यालेली कोळीण पडद्यावर चालते. उन्हात सुकट वाळवणारी, बर्फाच्या भावावरून वैतागलेली कोळीण चालत नाही. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 साली बंदी घातली, तरी ती थांबत नाही म्हणून लहान मच्छीमार तक्रार करतो. त्या तक्रारीला प्रेक्षक नाही. हळूहळू माणूस पाहिले जाईल तेवढेच स्वतःविषयी सांगू लागतो. पक्षाचे तरुण कार्यकर्तेही मोर्चाच्या चित्रफितीला किती पसंत्या मिळाल्या हे मोजू लागले आहेत, हेही येथेच नमूद केलेले बरे.

सरकारकडून काय अपेक्षावे? परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरात-उत्पन्नावर 2016 साली बसवलेली 6 टक्के समकरण आकारणी 1 एप्रिल 2025 पासून रद्द झाली. अर्थात, ज्यांच्याकडून वसूल करायचे त्यांनाच सूट मिळाली. त्याविरुद्ध आवाज उठवावाच. पण मुरुडला तेवढ्यासाठी थांबण्याचे कारण नाही. राजपुरीचे होडीवाले जलवाहतूक सोसायट्यांच्या आधारे पर्यटकांची ने-आण करतात. खोल्या देणाऱ्या घरांनाही एक सामाईक दूरध्वनी, एक नोंदवही आणि पाहुण्यांची स्वतःच्या मालकीची यादी ठेवता येईल. जाहिरात हवी तर इन्स्टाग्रामवर करावी. यादी मात्र सोसायटीच्या कपाटात असावी. भाव कोणी ठरवायचा, पाहुणे पाळीने वाटायचे की पसंतीने, यावर भांडणे होतील. ती पावसाळ्यात उरकून घ्यावीत. तेव्हा किल्ला बंद असतो आणि खोल्याही रिकाम्या.