हसत देणारा हात



वर्गणीपुस्तक काखेत मारून हिंडणाऱ्या माणसाने दानधर्मावर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. आम्हां कामगारांना 'दान' हा शब्द फारसा रुचत नाही. वर्षभर मजुरी कापून दिवाळीला मिठाईचा पुडा हातावर ठेवणारे मालक आम्ही पाहिले आहेत. ती अढी मनात ठेवूनच मी बोलणार आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथात पौलाची पत्रे आहेत. यरुशलेमेतील गोरगरिबांसाठी तो गावोगावच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करीत होता. मासेदोनियातील मंडळ्या स्वतःच दरिद्री. पण आम्हांलाही वाटा उचलू द्या, असा त्यांनीच आग्रह धरला. करिंथकरांना पौलाने लिहिले त्याचा आशय असा : आकडा ज्याचा त्याने ठरवावा, भिडेने देऊ नये, आणि देताना मन प्रसन्न असावे. मूळ ग्रीकातील शब्द 'हिलारोस', म्हणजे हसतमुख.

हा आनंद म्हणजे नुसते हसू नव्हे. उसने देणाऱ्याला रस्त्यात ऋणको दिसला की त्याच्या कपाळावर आठी पडते. ज्याने देऊन टाकले, तो मोकळ्या मनाने रामराम करतो. घेणाऱ्याच्या नावावर काहीही मांडून न ठेवणे, हेच या आनंदाचे मूळ होय.

आपल्या महाराष्ट्रात याचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७४ साली दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. भूक त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. पैशाची खात्रीची सोय नव्हती. केडगावच्या शेतावर मुक्तिसदन उभे राहिले. तेथे मुलींना नुसते अन्न मिळाले नाही; शेती, विणकाम, छापखान्यातील खिळे जुळविणे ही कामे मिळाली. अंध स्त्रियांना ब्रेल शिकविले. घेणारीचा हात कामाला लागला, म्हणून तिची मान ताठ राहिली.

आता एक आक्षेप. १८९३ साली पुण्यात रमाबाईंच्या शारदासदनावरून धर्मांतराचा मोठा वाद झाला, आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. तो वाद आज उकरण्याचे कारण नाही. पण प्रश्न खरा आहे. भुकेल्याला घास देताना त्याच्याकडून श्रद्धा, मत किंवा मुजरा मागितला, तर ते देणे राहत नाही, तो सौदा होतो. पौलाची कसोटी ख्रिस्ती माणसाला लागू आहे, तशी देवस्थानांना, पुढाऱ्यांना आणि आम्हां संघटनावाल्यांनाही लागू आहे.

आपल्याच भागात पाहा. वाशी-भूमकडची माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात. ती त्यांचीच आगाऊ मजुरी. पण हिशेबात ती कर्ज होऊन मानेवर बसते. अडल्या वेळी पैसा देणारा तोही, परंतु घेणारा त्या पैशाने बांधला जातो. मोकळे करणारे देणे आणि बांधून टाकणारे देणे यांतला हा फरक आहे.

मग दानाने न्यायाची जागा भरेल काय? मुळीच नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा खडी फोडून जगला. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. कामाचा हक्क कायद्यानेच मिळावा, कोणाच्या दयेवर राहू नये. परंतु ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला भाकरी पोचविणे, त्यांच्या पोरांना शाळेच्या दिवसांत आपल्या घरी ठेवून घेणे, हे कोणता कायदा करील? ते शेजाऱ्यालाच करावे लागते. हक्कासाठी भांडावे कठोरपणे, आणि शेजाऱ्याला द्यावे हसत. देऊन झाले की वही मिटून टाकावी.