देखावा म्हणावा असें कांहीं नाहीं

राहुरीकडून देवळाली प्रवरेस जाणाऱ्या वाटसरूला उसाचे फड दिसतात, पाटाच्या चाऱ्या दिसतात, हंगामांत उसानें लादलेल्या ट्रॉल्या दिसतात. चित्रकारानें रंगांची पेटी उघडून बसावें असें येथें कांहीं नाहीं, असेंच कोणीहि म्हणेल. मराठी माणसाच्या मनांतला देखावा म्हणजे नाशिकचा अथवा वाईचा घाट, देवळाचें शिखर आणि पाण्यावर पडलेलें ऊन. माणूस ज्या जमिनीवर राबतो ती या देखाव्यांत सहसा येत नाहीं.

ही समजूत ज्यांनीं मानली नाहीं, त्या सुधीर पटवर्धनांच्या जन्मभरच्या चित्रांचें प्रदर्शन २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत भरलें होतें. १९४९ सालीं पुण्यास जन्मलेले पटवर्धन वैद्यक शिकून मुंबईस आले आणि २००५ पर्यंत ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ होते. शरीराच्या आंतलें पाहणें हा व्यवसाय. चित्रांत मात्र लोकलमधले, इराण्याकडे बसलेले, श्रमानें जड झालेले देह. तरुणपणीं मार्क्सच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. कामकरी माणूस जग बदलील, हा भरंवसा त्या भरदार देहांत दिसतो. परंतु १९८१ सालच्या एका चित्राचें नांवच 'मे दिनीं अपघात' असें आहे!

पुढच्याच वर्षीं, १८ जानेवारी १९८२ रोजीं, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले; बहुतेकांना परत जावयास गिरणीच उरली नाहीं. १९९२-९३ च्या दंगलींत एका चाळींतलीं माणसें एकमेकांस परकीं झालीं. पटवर्धनांच्या चित्रांतहि मनुष्य हळूहळू लहान होत गेला व भोंवतालचें शहर वाढत गेलें. पोखरण, उल्हासनगर, लोअर परळ हीं त्यांचीं स्थळें. रूळ, नाले, पूल आणि दाटलेलीं घरें. संध्याकाळच्या सोनेरी उन्हाची सवलत कोठेंहि नाहीं.

कोणास ही माघार वाटेल. पण विश्वास ढळल्यावरहि वीरच रंगवीत राहणें ही लबाडी ठरली असती. श्रद्धा गेली तरी पटवर्धनांनीं पाहणें सोडलें नाहीं, हें अधिक कठीण आहे. २००८ च्या सुमारास त्यांनीं इतर भारतीय चित्रकारांच्या कृतीहि नागपूर, सोलापूर अशा शहरांत नेऊन दाखविल्या.

गांवोगांवच्या शाळांतून चित्रकलेच्या तासाला मुलें अजूनहि दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक नदी काढतात. उसाच्या मुलखांत त्याच वेळीं खिडकीबाहेर तोडणीवाल्यांच्या कोप्या पडलेल्या असतात.