तळ्यातला रोजगार

रोजगाराचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, कारखाना कधी येणार? अर्जुनी मोरगावातही तोच येतो. धानाची रोवणी आटोपली की पोरं नागपूरची वाट धरतात.

श्रोतेहो, या तालुक्यात रोजगार देणारी एक जुनी गोष्ट आहे. लोक तिला मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाने बांधलेल्या या तळ्यांवर धान पिकतो आणि ढिवरांची घरे मासळीवर चालतात. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, आणि पाळ राखणे, गाळ काढणे गावाच्या हातून सुटले.

आता गाळ यंत्राने निघतो. पाणी वाढते, चांगलेच आहे. पण यंत्र सरसकट खोदत काठापर्यंत आले की उथळ भाग जातो. पाणवनस्पती तिथेच रुजतात आणि मरळ तिथेच पिल्ले वाढवते. मग उरतात रोहू-कटला. ते साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. मासा गावचा, पैसा बाहेर!

तालुक्यातल्या ढिवर बायांनी काही तळ्यांतली बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. कुठली वनस्पती किती पाण्यात जगते, हे त्यांना पाठ आहे. अंदाजपत्रकात मात्र गाळाचे घनमीटर असतात, मासा नसतो. खोदाईची आखणी करताना इंजिनिअरशेजारी त्यांच्यातली एक जण उभी असायला हवी, आणि तीही यंत्र तळ्यात उतरण्याआधी.