पीक बुडालं तर विमा, उत्पन्न बुडालं तर?



राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की करवीर, हातकणंगले, शिरोळच्या काठावरची रानं पाण्याखाली जातात. 2019 आणि 2021 साली ती कित्येक दिवस पाण्यातच राहिली. उसाचा शेंडा बुडाला, सुरळीत गाळ बसला की वाढ थांबते. कांड्यांवरचे डोळे फुटतात, ऊस पोकळ होतो. असा ऊस कारखान्याला गेला तरी वजन भरत नाही. एफआरपी दराची हमी देते, टनेजची नाही. आणि पंतप्रधान पीक विमा योजनेत आपल्या राज्यात ऊस बसतच नाही.

भात, सोयाबीन, भुईमूग बसतात. 2023 पासून एक रुपयात विमा होता. 2025 च्या खरिपापासून पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता आपण भरतो. हप्त्यापेक्षा मोठा घाव दुसरा आहे. त्याच हंगामात स्थानिक आपत्तीची भरपाई राज्यानं वगळली. आता सगळं महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरतं, आणि ते काढायला पीक कापणी प्रयोग होतात. काठाचं सोयाबीन कुजलं आणि माळावरचं जोमात आलं, तर मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या वर राहते. मग ज्याचं कुजलं त्याच्या हाती काही पडत नाही. हा अन्याय आहे. पुरात बुडालेला भात 2026 च्या खरिपापासून पुन्हा स्थानिक आपत्तीत धरण्याचं केंद्रानं जाहीर केलं आहे. आपल्या राज्यानं ते राबवलंच पाहिजे, आणि सोयाबीनलाही तेच लावलं पाहिजे.

पीक हाती आलं आणि दर पडला तर? त्याला विमा नाही. 2003-04 मध्ये गहू आणि भातासाठी उत्पादन आणि दर दोन्ही धरणारा उत्पन्न विमा देशातल्या काही जिल्ह्यांत करून पाहिला, पण लवकरच गुंडाळला. कल्पना चुकीची नव्हती. ती पुन्हा हाती घ्यायला हवी.

तोवर आपल्याला सावरतो तो गोठा. उसाचं बिल हंगामात येतं, दुधाचं दर दहा दिवसांनी. म्हणून जनावरांचा विमा टाळू नका. ई-पीक पाहणी वेळेत करा, पीक विम्याच्या शेवटच्या तारखेची वाट बघू नका. आणि येत्या ग्रामसभेत ठराव करा: पूररेषेतल्या गटांचे कापणी प्रयोग वेगळे घ्या. ठरावाची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोहोच घ्या.