तिसऱ्या डोसाचे मोल

(मंडळीच्या मासिक सभेत सप्टेंबर २०२२ मध्ये केलेले भाषण)



“पाड्यावरचे लोक बूस्टर का घेत नाहीत? अजून अंधश्रद्धाच ना?” असे मला आपल्यातले पुष्कळ जण विचारतात. आज त्याच प्रश्नाचे उत्तर देते.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर २०२१ मध्ये भीती होती, हे खरे. सुई घेतली की माणूस मरतो, अशा अफवा होत्या. तरी आशाताई दारोदार फिरल्या आणि पुष्कळांनी दोन्ही डोस घेतले. मग तिसऱ्यालाच पाऊल का अडते?

जरा तारखा पाहू. १० एप्रिलला हा डोस १८ वर्षांवरील सर्वांना खुला झाला. पण साठीच्या आतल्यांना तो खासगी केंद्रावर विकत घ्यावा लागे. लशीचे २२५ रुपये आणि वर सेवा शुल्क १५० रुपयांपर्यंत. आपल्या राज्यात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २५६ रुपये आहे. १५ जुलैपासून सरकारने तो ७५ दिवस मोफत केला, हे फार चांगले झाले. पण जुलै म्हणजे भाताची आवणी. एक बाई मला म्हणाली, “ताई, सुईला ना नाही. पण दोन दिस ताप आला तं आवणी कोण करील?” तिला लशीची भीती नव्हती. हातची मजुरी जाण्याची होती.

एका आजोबांनी विचारले, “पहिल्या दोन सुया खोट्या होत्या काय?” आशाताई म्हणाल्या, “बाबा, छप्पर दर साल शाकारता ना? मग गेल्या सालचं खोटं होतं काय?” आजोबा हसले. लशीचे संरक्षण काही महिन्यांनी कमी होते, हे त्यांना एवढ्यात समजले.

चांगला शोमरोनी आपल्याला ठाऊक आहे. जखमा बांधून तो मोकळा झाला नाही. उतारशाळेत पैसे दिले आणि परत येण्याचा शब्दही दिला. आपणही पाड्यावर पुन्हा गेले पाहिजे.

मोफत डोस ३० सप्टेंबरपर्यंतच आहे. दिवाळीनंतर ही कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातील. मग त्यांना गाठणे कठीण. म्हणून तीन विनंत्या करते. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी रविवारी उपासनेनंतर म्हाताऱ्या माणसांना आरोग्य केंद्रात न्यावे. ज्या घरी ताप येईल तिथे दोन दिवसांचे तांदूळ-डाळ पोहोचवावे. मात्र “आधी लस, मग धान्य” असे कुणी म्हणू नये आणि कुणाला धर्म विचारू नये. तिसरी विनंती आपल्या स्वतःसाठी. दुसऱ्या डोसाला सहा महिने झाले असतील, तर आधी आपण रांगेत उभे राहू या. पाड्यावरची माणसे पहिला प्रश्न हाच विचारतात, “ताई, तुमी घेतली काय?”

प्रभू आपल्या सर्वांना या कामासाठी बळ देवो.